पालथी म्हणजे कोरी

मे महिन्यात सीताबर्डीवर जाऊन लोकरी स्वेटर मागणारी बाई आजवर एकच झाली असेल, ती मी. दुकानदाराने पंख्याखाली बसल्या बसल्या मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "काश्मीरले चालल्या काय मॅडम?" मी म्हटलं, "नाही हो, ऑफिसला." त्याला ती थट्टा वाटली. बाहेर डांबर वितळत असताना मी तेवीस वर्षं अशा एका खोलीत बसले, जिथे भर दुपारी बोटं गारठायची. ती आमच्या दवाखान्याची सर्व्हर रूम. यंत्रांना उकडलं की ती बंद पडतात, आणि माणसांना थंडी वाजली तर त्यांनी स्वेटर घ्यावा, असा तिथला नियम.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. मागच्या वर्षी निवृत्त झाले, आता हुडकेश्वरला घरी बसून पंखा सुखाने फुल ठेवते. माझं काम होतं बॅकअपचं. रुग्णांची माहिती, तपासण्या, स्कॅनची चित्रं, दवाखान्यात जे जे कॉम्प्युटरवर साठतं त्याची दुसरी प्रत काढून ठेवायची, म्हणजे मूळ गेलं तरी प्रत परत आणता येते. माझ्या सासूबाई शेजारीपाजारी सांगायच्या, "आमची सून दवाखान्यात झेरॉक्स काढते." मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही, कारण तसं पाहिलं तर त्या बरोबरच होत्या.

या कामात गिऱ्हाईकं मजेदार भेटतात. एक मोठे सर्जन दर सहा महिन्यांनी स्वतःची फाईल स्वतःच पुसायचे आणि मला फोन करायचे. "मॅडम, माझी ती फाईल परत आणा." कोणती, विचारलं तर म्हणायचे, "ती हो, निळी." कॉम्प्युटरच्या पोटात फाईलला रंग नसतो हे मी त्यांना कधी पटवू शकले नाही, पण निळी फाईल मात्र दरवेळी शोधून दिली. काम नीट चाललं तर कोणालाही तुमची आठवण होत नाही, आणि एकदा चुकलं की सगळ्यांना तुमचं नाव पाठ होतं. माझं एकदा चुकलं. तेच लिहायला बसले आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल सांगते. टेप म्हटलं की लोकांना गाण्यांची कॅसेट आठवते. आमची टेप दिसायला तशीच, जरा जाड आणि चौकोनी. अशा ढीगभर टेपा लागतात म्हणून त्यांच्यासाठी एक मोठं यंत्र असतं, त्याला टेप लायब्ररी म्हणतात. आत खोबण्या, खोबण्यांत टेपा, आणि मधून वर-खाली फिरणारा एक यांत्रिक हात. सर्व्हरने अमुक टेप मागितली की हात ती उचलतो, वाचणाऱ्या यंत्रात घालतो, काम झालं की परत जागेवर नेऊन ठेवतो.

आमच्याकडे लायब्ररी एक आणि तिच्यावर जगणारे सर्व्हर तीन होते. एक स्कॅनचा, एक लॅबचा, एक ऑफिसचा. तीन जावांचं एकच स्वयंपाकघर म्हणा ना. किल्ल्या थोरलीच्या कमरेला, म्हणजे स्कॅनच्या सर्व्हरकडे. तिने स्वतःचा स्वयंपाकही करायचा आणि धाकट्या दोघींना डबेही काढून द्यायचे. ती थकली की तिघी उपाशी. हे वारंवार व्हायला लागलं तेव्हा ठरलं, किल्ल्या सांभाळायला एक वेगळीच बाई आणायची, जी स्वयंपाक करणारच नाही. एक नवा सर्व्हर आणायचा, आणि त्याचं काम एवढंच, की कोणती टेप कुठे आहे, कोणाची आहे, भरलेली आहे की कोरी, हे लक्षात ठेवायचं आणि तो हात हलवायचा.

यातली खरी भीती 'भरलेली की कोरी' इथे असते. टेपवर चिकटवलेल्या पट्टीचा नंबर यंत्र वाचू शकतं, पण आत काय आहे ते नव्या सर्व्हरला आपणच सांगावं लागतं. भरलेल्या टेपला चुकून कोरी म्हटलं, तर तो खुशाल तिच्यावर पहिल्यापासून लिहायला घेतो. आणि थोडंसं जरी लिहिलं तरी त्याच्या शेवटी 'इथे संपलं' अशी खूण बसते. त्या खुणेच्या पुढे यंत्र जात नाही. मागचं सगळं फितीवर असतं, पण तुम्हाला ते कधीही वाचता येत नाही. टेपला एक छोटी खिटी असते, ती सरकवली तर तिच्यावर कोणाला लिहिता येत नाही. पण खिटी लावलेली टेप लागली की यंत्र अडून बसतं, म्हणून आमच्याकडे ती लावायची पद्धत नव्हती. आळस हा शब्द जास्त बरोबर होईल.

यंत्राच्या आतल्या टेपा यंत्र मोजायचं. बाहेर लोखंडी कपाटात ठेवलेल्या टेपा वानखडेकाका मोजायचे. काका सावनेरजवळच्या खाप्याचे. दवाखान्यात शिपाई म्हणून लागले आणि बघून बघून टेपांचं सगळं काम शिकले. त्यांची एक पद्धत होती. भरलेल्या टेपची डबी कपाटात सुलट ठेवायची, कोरीची पालथी. "घासलेला गंज आपण पालथाच घालतो ना मॅडम," ते पातेल्याचा दाखला देत म्हणायचे. "सुलट दिसला का समजायचं, आत काई तरी हाये. झाकण उघडून पाह्याचं कामच नाई." मी हसायचे. माझ्याकडे कॉम्प्युटरवर यादी होती, नंबरासकट, तारखेसकट. यादी असताना डब्यांची तोंडं कशाला बघायची?

काका निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला आमच्या खोलीत यंत्रांची पूजा व्हायची, सगळी कपाटं रिकामी करून पुसायचे, टेपांनाही हळदकुंकू लागायचं. मी त्या दिवसांत रजेवर असायचे. दीक्षाभूमीसाठी बाहेरगावचे नातेवाईक आमच्याकडे उतरतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. परत आल्यावर पेढा तेवढा मी न चुकता खायचे.

दसऱ्यानंतरचा रविवार आम्ही बदलीसाठी धरला होता. सकाळी तिन्ही सर्व्हर थांबवले, थोरलीकडच्या किल्ल्या काढून नव्या सर्व्हरला दिल्या. माझ्या यादीत जी टेप आहे ती भरलेली, असं एकेक नंबर पडताळून त्याला सांगितलं. दुपारी दोनपर्यंत सगळं मार्गी लागलं. हात सरसर फिरत होता, तिन्ही सर्व्हर न भांडता टेपा मागत होते. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ काम माझ्या हातून झालं नव्हतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

अशा बदलीनंतर पहिला बॅकअप पूर्ण घ्यावा लागतो, त्याला भरपूर कोऱ्या टेपा लागतात. नव्या टेपांची फाईल साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. मी लोखंडी कपाट उघडलं. वरच्या फळीवर अकरा टेपा होत्या. त्यांचे नंबर यादीत शोधले, एकही नव्हता. म्हणजे कोऱ्या. सहा डब्या पालथ्या होत्या आणि पाच सुलट. त्या पाच मी हातात धरून उभी राहिले होते, हे मला लख्ख आठवतं. मग म्हटलं, खंडेनवमीच्या साफसफाईत कोणीतरी पुसून कशाही ठेवल्या असतील. अकराच्या अकरा यंत्रात घातल्या, नव्या सर्व्हरला सांगितलं 'कोऱ्या आहेत', बॅकअप सुरू केला आणि घरी जाऊन झोपले.

सोमवारी सकाळी दहाला मी टेबलाशी चहा घेत होते. फोन आला.

"मॅडम, वानखडे बोलून राहिलो. बसमधी हाये, सावनेर मागं टाकलं. कमलीले घेऊन येऊन राहिलो दवाखान्यात."

कमलाबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांना दमा होता हे मला माहीत होतं. काका सांगत होते, खोकला थांबेना म्हणून मागच्या आठवड्यात स्कॅन काढला, तर फुप्फुसावर एक डाग दिसला. "डॉक्टर मॅडम म्हणते, हा डाग जुना असंल तर हात लावाचं काम नाई. नवा असंल तर छाती उघडा लागते. अन् मॅडम, हिच्या दम्यात भूल झेपते का नाई, थेच सांगता येत नाई म्हणते." पाच वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा कमलाबाईंचा स्कॅन आमच्याच दवाखान्यात निघाला होता. त्या कागदी रिपोर्टात दुसऱ्याच बाजूच्या फुप्फुसाबद्दल लिहिलं होतं, या डागाबद्दल काहीच नव्हतं. घरच्या फिल्मा ओलीने एकमेकींना चिकटल्या, सोडवायला गेले तर काळा थर निघून आला. "पण माह्या जीवाले घोर नाई," काका म्हणाले. "जुन्या मशीनच्या टेपा हायेत ना कपाटात. वरच्या फळीवर, सुलट. कमलीची तेवढी काढून ठेवा, आमी पोचतोच."

आमचं जुनं स्कॅन मशीन गेलं तेव्हा त्याचा सर्व्हरही गेला होता. थोरलीच्या, म्हणजे माझ्या त्या यादीतून त्याचं नाव मीच माझ्या हाताने काढलं होतं. नाव गेलं तसे त्याच्या टेपांचे नंबरही यादीतून गेले. टेपा मात्र कपाटातच राहिल्या. यादीत नाही म्हणून कोरी, असं मी धरलं होतं, आणि त्या टेपा भरलेल्या आहेत हे कपाटाशी उभ्या माणसाला सांगणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे डबी सुलट असणं.

आणि बॅकअप अजून चालूच होता.

मी धावले. जिना उतरताना चप्पल निघाली ती तशीच टाकली. खोलीत यांत्रिक हात एक टेप घेऊन वर चालला होता. ती कोणती, हे वाचायलाही मी थांबले नाही. तिन्ही सर्व्हरचे बॅकअप तोडले, लायब्ररी थांबवली. मग स्क्रीनवर पाहिलं, अकरापैकी चार टेपांवर लिहून झालं होतं. डब्या मी केव्हाच एका खोक्यात टाकल्या होत्या, त्यामुळे त्या चारांत सुलट किती आणि पालथ्या किती, कळायला मार्ग नव्हता. मी गार फरशीवर बसले.

एकच आशा होती. जुन्या सर्व्हरची स्वतःची यादी, कोणत्या टेपवर कोणाचं काय, एका डिस्कवर मी जपून ठेवली होती. ती उघडायची तर तो सर्व्हर जवळपास नव्याने उभा करावा लागणार, चार-पाच तासांचं काम. साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "हे बघा मॅडम, सध्या कोणाला काही बोलायचं नाही. कोणी मागितलं तर बघू. आपण होऊन कशाला विस्तव घ्यायचा पदरात?" मी म्हटलं, "मागणारा बसमध्ये बसला आहे, सर."

काका साडेअकराला आले. कमलाबाईंना वॉर्डात बसवून सरळ खाली आमच्या दाराशी. माझा चेहरा पाहून हसायचे थांबले. मला वाटलं होतं आडवळणाने सांगावं, आधी पाणी वगैरे द्यावं. पण तोंड उघडलं आणि सगळं एका दमात बाहेर पडलं.

"सुलट होत्या ना?" त्यांनी विचारलं.

"होत्या."

"मंग काहून घातल्या मशीनमधी?"

"मला वाटलं, खंडेनवमीला कोणीतरी पुसून उलटसुलट ठेवल्या असतील."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणीतरी कोण, मॅडम? मी येतो ना दरसाल खंडेनवमीले. रिटायर झालो तरी येतो. तुमी सुट्टीवर राहता म्हणून तुमाले मालूम नाई. एकेक डबी मी सोता पुसली अन् सोता ठेवली."

दोन वर्षं हा माणूस पगाराशिवाय खाप्याहून येऊन माझं कपाट लावून जात होता. मी त्याची खूण हातात धरली आणि त्याला 'कोणीतरी' समजून बाजूला केली. शरम वाटली, पण खरं सांगायचं तर शरमेपेक्षा भीती मोठी होती. वर वॉर्डात एक बाई बसली होती आणि उद्या तिची छाती उघडायची की नाही, हे माझ्या रविवारच्या हुशारीवर येऊन ठेपलं होतं.

काका दाराबाहेर स्टुलावर बसले. आत बसा म्हटलं तर नको म्हणाले. मी जुना सर्व्हर उभा करायला घेतला. एक पासवर्ड तीनदा चुकला. मध्ये काका वर जाऊन बायकोला डबा देऊन आले. परतल्यावर म्हणाले, "इचारून राह्यली होती, फोटो भेटला काय म्हणून. मी सांगतलं, मॅडम काढून राह्यल्या." ते माझ्यासाठी खोटं बोलून आले होते, आणि ते ऐकून मला जास्तच धडकी भरली.

चार वाजता जुनी यादी उघडली. कमलाबाईंचं नाव टाकलं. नंबर आला, शेवटचे आकडे सतरा. मग ज्या चार टेपांवर लिहून झालं होतं त्यांचे नंबर मी मोठ्याने वाचले, कारण मनात वाचले तर मी स्वतःलाच फसवीन असं वाटलं. नऊ. अकरा. बारा. पंधरा. पुन्हा वाचले. त्यात सतरा नव्हती.

"नाई ना?" काका दारातून म्हणाले.

"नाही."

तरी जीव भांड्यात पडला नाही. टेप वाचली जायला हवी होती. पाच वर्षं पडून असलेली फीत कधी कधी दगा देते. सतरा नंबर यंत्रात घातली आणि फीत पुढे सरकायला लागली. फितीवर थेट उडी मारता येत नाही, हवी ती जागा येईपर्यंत सगळी फीत ओलांडावी लागते. काका आत आले आणि यंत्राच्या पत्र्याला कान लावून उभे राहिले. "चालून राह्यली," ते म्हणाले. "अडकली असती तर किरकिरली असती." मी स्क्रीनकडे बघत होते आणि काकांकडे बघायचं टाळत होते. चाळीस मिनिटांनी चित्रं उतरायला लागली, राखाडी, एकामागे एक.

ती मी वर डॉक्टर मॅडमकडे पाठवली, आणि पाच वाजून गेल्यावर त्यांचा फोन आला. डाग पाच वर्षांपूर्वीही तिथेच होता, तेवढाच होता. छाती उघडायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला या. मी काकांना सांगितलं आणि हमसून हमसून रडले. काकांनी भिंतीला हात टेकला. मग वर गेले.

मला वाटलं, संपलं. चहा मागवला, पहिला घोट घेतला, तेवढ्यात काका परत आले. कमलाबाईंना घेऊन निरोप घ्यायला येतील असं वाटलं होतं, पण ते एकटेच होते.

"मॅडम, आमची वाचली," ते म्हणाले. "मंग गेली कोणाची?"

मी यादी तोवर पाहिलीच नव्हती. पाहायचं टाळलं होतं. काकांच्या समोर पाहिली. नऊ, अकरा, बारा खरोखर कोऱ्या होत्या. पंधरा नंबर भरलेली होती. ती सुलट डबीतली, आणि तिच्यावरची नावं स्क्रीनवर खाली खाली सरकत राहिली. त्यांच्यातला प्रत्येक जण उद्या कमलाबाईंसारखा येऊ शकत होता, आणि आमच्याजवळ त्याला द्यायला काही नव्हतं.

"साहेब म्हणतात, कोणी मागितलं तर बघू," मी म्हटलं.

"लोकायच्या घरी फिल्मा असतीन," काका म्हणाले. "आमच्यासारख्या चिकटल्या नसतीन अजून. सांगतलं तर जपून ठेवतीन. नाई सांगतलं तर दिवाळीच्या सफाईत फेकतीन." मग चष्मा पुसत म्हणाले, "उद्या येतो मी. तुमी फोन करा, मी नावावर खुणा करतो."

साहेबांना मी विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी मला थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काका स्टूल आत घेऊन बसले. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं होतं: आमच्या चुकीने तुमच्या जुन्या स्कॅनची प्रत गेली आहे, घरी फिल्म असेल तर सांभाळून ठेवा, दाखवायला याल तेव्हा सोबत आणा. चार ओळी. पहिलं नाव एका बाईचं होतं. नंबर फिरवला, पुरुषाने उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं.

"नमस्कार, मी दवाखान्याच्या स्कॅन विभागातून बोलते आहे," मी म्हटलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि भांडी ऐकू येईनाशी झाली. मग तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "काई निघालं काय मॅडम? इतक्या वर्सानं?"

"नाही दादा, त्यांचं काही निघालेलं नाही. चूक झाली आहे, आणि ती माझ्याकडून झाली आहे," मी म्हटलं आणि कागदावरच्या चारही ओळी वाचून दाखवल्या. त्याने त्यातलं काही ऐकलं नसावं. तो पुन्हा पुन्हा एवढंच विचारत राहिला, "खरं सांगून राह्यल्या ना मॅडम? लपवून तं नाई राह्यल्या?"